सोनकांबळे सर आणि एक कापलेली ओळ

सोनकांबळे सरांना बसलेलं मी एकदाच पाहिलं. अकरा वर्षं आम्ही एका कॉलेजात काढली, एकाच स्टाफरूममध्ये, समोरासमोरच्या खुर्च्यांवर. म्हणजे माझ्या खुर्चीवर मी असायचे आणि त्यांच्या खुर्चीवर त्यांची पिशवी असायची. चहा ते उभ्यानं प्यायचे. पेपर खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून उभ्यानं तपासायचे. डबा खातानाही एक पाय दाराबाहेर. कोणी म्हटलं, "सर, बसा की घटकाभर," तर उत्तर ठरलेलं होतं, "बसलो का डोकं बी बसते." स्कूटरवर किंवा गाडीत बसणं मी यात धरत नाही, कारण गाडीत ते बसायचे नाहीत, नुसते अडकलेले असायचे.

आता ते रिटायर होऊन मुलाकडे निजामाबादला राहतात. महिन्या-दोन महिन्यांनी फोन येतो. बोलताना मागं चपलांचा फटफट आवाज ऐकू येतो, तेव्हा कळतं की निजामाबादेतही माणूस काही टेकलेला नाही.

कॉलेज सीमेपलीकडं, तेलुगू मुलखात, हायवेला लागून होतं. मी आदिलाबादहून रोज जाऊन-येऊन इंग्रजी शिकवायचे, सर केमिस्ट्री. मुलं नेरडीगोंड्याकडची, भैंशाकडची, नार्नूरकडची. लांबची हॉस्टेलात राहायची. त्यातली बरीच दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली, आणि इथं एकदम सगळं इंग्रजीतून. ऑफिसात तेलुगू, बाजारात हिंदी, आणि आमच्या हणमंतू शिपायाच्या तोंडी अजून निजामाच्या वेळचे हाजरी, दरखास्त, मुआयना. या खिचडीत पोरांच्या डोक्यात रेणूचा आकार घालायचा म्हणजे गंमत नव्हती.

सरांनी त्याच्यासाठी स्वतःचा एक कारखानाच काढला होता. सुताराकडून लिंबाएवढे लाकडी गोळे करून घेतलेले, त्यांना भोकं पाडलेली. गोळा म्हणजे मधला अणू. भोकात खोचायला कापसाच्या झाडाच्या, पऱ्हाटीच्या, वाळक्या काड्या, म्हणजे बंध. काडीच्या टोकाला चिकणमातीची गोळी, म्हणजे बाजूचा अणू. आणि इलेक्ट्रॉनची जी जोडी कुठल्याच बंधात नसते, नुसतीच मधल्या अणूजवळ राहते, जिला पुस्तकात लोन पेअर म्हणतात, तिच्यासाठी कापसाचा बोळा. चांगला मुठीएवढा. कापूस ते स्वतः वेचून आणायचे, विकतचा चालायचा नाही. त्यांच्या आईनं जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचला होता आणि लहानपणी सरही तिच्या मागं वेचायचे. बोंडातून पाकळ्या कशा एका झटक्यात ओढायच्या ते मला त्यांनी दोनदा दाखवलं. मला जमलं नाही.

"बंधातली जोडी दोघायनं धरलेली असते," ते वर्गात येरझाऱ्या घालत सांगायचे, "मनून बारीक राह्यते, काडीवानी. लोन पेअरचा हात कोणी धरला नाई. ज्याचा हात कोणी धरला नाई तो पसरून बसते. अन् पसरला का बाजूच्यायले दाबते. मोजतानी त्याले मोजत नाई, आकाराच्या नावात तो येत नाई, पण आकार त्याच्याच मुळं बनते."

मी एकदा दाराशी उभं राहून हे ऐकलं आणि स्टाफरूममध्ये आल्यावर भारावून म्हटलं, "सर, समाजाबद्दल किती मोठी गोष्ट बोललात."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, केमिस्ट्री होती ते. भाषण मी जयंतीले देतो."

तेव्हापासून मी त्यांच्या केमिस्ट्रीतून अर्थ काढणं बंद केलं.

कोनांचं वेड तर विचारू नका. खिशात प्लास्टिकचा कोनमापक, घासून घासून आकडे पुसट झालेला. बैलगाडीच्या उभ्या दांड्या, पळसाची फांदी, स्टाफरूमचं अर्धं उघडं दार, काय दिसेल त्याचा कोन सांगायचे. माझी छत्री अर्धवट उघडून अडकली होती तेव्हा मदत करायची सोडून म्हणाले, "एकशे सात. अमोनियाचा कोन." आणि निघून गेले. मी भिजत उभी.

एकदा हैदराबादहून एक साहेब तपासणीला आले. हणमंतू धावत आला, "सर, मुआयना हाय, ते गोळे-काड्या आवरा." सरांनी काही आवरलं नाही. साहेबांनी एका मुलाला पाण्याच्या रेणूचा कोन विचारला. मुलगा म्हणाला, एकशे साडेचार अंश. साहेबांनी विचारलं, का? मुलगा सरांकडं बघायला लागला. सर पुढं झाले आणि अदबीनं म्हणाले, "साब, आप जरा इधर खडे रहिए. आप ऑक्सिजन." दोन किडकिडीत मुलं त्यांनी साहेबांच्या दोन्ही हातांना लावली, ती हायड्रोजन. "आता दोन लोन पेअर पाह्यजेत. जरा भरलेले." फिजिक्सचे राजन्ना सर आणि मी मजा बघायला दारात आलो होतो. सरांची नजर आमच्यावरून फिरली आणि माझ्या लक्षात आलं की आता सुटका नाही.

आम्हा दोघांना पोटाशी एकेक दप्तर धरायला लावलं आणि साहेबांच्या मागं चिकटून उभं केलं. "ढकला." आम्ही ढकललं. साहेब पुढं वाकले, त्यांचे हात एकमेकांकडं आले आणि हायड्रोजनची टकरायची वेळ आली. "दिसलं?" सर वर्गाला म्हणाले. "हे दोघं काडीवानी बारीक असते तं कोन एकशे साडेनऊ राह्यला असता. या दोघायनं पाच अंश खाल्ले. पण हे जमिनीवर हाय, मनून पुरं खरं नाई. खरं तं मॅडमले छताले लटकावं लागते." सगळ्यात मोठ्यांदा साहेब हसले. मी दोन दिवस सरांशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर सीताफळांची पिशवी होती, आणि सर नेहमीसारखे दाराबाहेर.

एवढा मोकळा माणूस दोन बाबतींत मात्र फार कडक होता. एक म्हणजे पेन्सिल. त्यांच्या तासाला पेन्सिल काढली की ती जप्त. "पेन्सिल मंजे पळवाट. पुसता येते मनलं का माणूस इचार न करता लिवते. पेनानं लिवा, चुकलं तं दिसू द्या." आणि दुसरी गोष्ट म्हणजे दुरुस्तीचा तास.

भैंशाच्या एका दुकानात केमिस्ट्रीचं एक गाईड मिळायचं. कोणी लिहिलं, कुठं छापलं, देव जाणे. छपाईच्या चुका ढीगभर, पण भाषा सोपी, म्हणून मराठी शाळेतून आलेल्या पोरांचा सगळा भरवसा त्याच्यावर. सर उन्हाळ्यात ते गाईड पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचे आणि धडा सुरू झाला की त्याचा पहिला तास गाईड दुरुस्त करायचा. "पान सदतीस, चौथी ओळ. कापा. बाजूले लिवा." पोरं खूश, कारण पहिल्याच दिवशी पुस्तक फाडल्यासारखं कापायला मिळायचं. ती गाईडं पुढं भावाकडून बहिणीकडं, मावशीच्या पोराकडं, या गावातून त्या गावात जायची. नव्या कोऱ्या गाईडापेक्षा आमच्याकडं जुन्याला भाव होता. लोक विचारायचे, "सरानं कापलेलं हाय का?"

रिटायर व्हायला चार महिने राहिले होते तेव्हा हेच अंगाशी आलं.

रेणूंच्या आकाराचा धडा बरीच वर्षं दुसऱ्या सरांकडं होता. त्यांची बदली झाली म्हणून यंदा तो परत सोनकांबळे सरांकडं आला. धडा सुरू व्हायच्या आधीच अश्विनी नावाची नवी मुलगी गाईड घेऊन उभी राहिली. गाईड तिला भैंशाच्या आतेबहिणीकडून मिळालेलं. क्लोरीन ट्रायफ्लोराइड नावाच्या रेणूचा आकार इंग्रजी टी अक्षरासारखा, अशी त्यात ओळ होती. ती निळ्या पेनानं कापून बाजूला लिहिलेलं, 'सपाट त्रिकोण. सर.'

"मी कापलं हाय मंजे छपाईची चूक असल," सर म्हणाले.

"पण सर," अश्विनी म्हणाली, "फोनमधी बी टीच दाखवून राह्यले."

'बस खाली' हे शब्द त्यांच्या तोंडात आले होते, ते त्यांनी गिळले. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. तास तिथंच सोडून ते लॅबमध्ये गेले आणि तासाभरानं स्टाफरूममध्ये आले तेव्हा हातात पाच भोकांचा गोळा होता. तीन भोकं कमरेभोवती, एक वर, एक खाली.

"पाहा मॅडम. पाच जागा. तीन काड्या, दोन बोळे. मी तेव्हा मनलं, दोन जाडे माणसं एकमेकायपासून लांब बसवा. एक वर, एक खाली. मंग काड्या कमरेले राह्यल्या, सपाट त्रिकोण." त्यांनी बोळे काढून कमरेच्या भोकांत घातले. "पण वर बसला का त्याले तिघायचे कोपर लागतात, एकदम काटकोनात. कमरेले बसला तं दोघायचेच. मनून जाडे कमरेलेच बसतात. राह्यली एक काडी वर, एक खाली, एक बाजूले. टी." तो टी आडवा होता आणि त्याचे हात कापसानं दाबल्यामुळं किंचित वाकलेले. मला, इंग्रजीवालीलासुद्धा, लगेच समजलं. "छपाई बरोबर होती. मी बरोबर ओळ कापाले लावली. सगळ्या वर्गाले. पेनानं."

मी म्हटलं, "सर, इतक्या वर्षांत कोणाला आठवतंय ते? एक तर ओळ."

"तुमी स्पेलिंग चुकीचं सांगितलं तं पोरगं चुकीचं लिवते. मी आकार चुकीचा सांगितला तं पोरगं चुकीचं पाह्यते. अन् ती गाईडं अजून फिरून राह्यले."

ती ओळ एकाच वर्गानं कापली होती, कारण पुढच्याच वर्षी तो धडा दुसऱ्या सरांकडं गेला. दुसऱ्या दिवशी जुन्या हजेरीतून त्या वर्गाची सव्वीस नावं कागदावर उतरवली गेली. कागद चार घड्या करून खिशात, कोनमापकाशेजारी. रिटायर व्हायच्या आत सव्वीसच्या सव्वीस जणांना गाठायचं, गाईड असेल तर दुरुस्त करायचं, नसेल तर गोळा दाखवून सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. मला वाटलं, चार दिवसांचं खूळ. पण दर रविवारी स्कूटर निघायला लागली. सोमवारी स्टाफरूममध्ये वार्तापत्र: कोण पोलिसात लागला, कोण दुबईला गेला, कोणाला जुळी झाली. दुबईवाल्याला व्हिडिओ कॉलवर गोळा दाखवला. जुळ्यांच्या आईनं एक बाळ सरांच्या हातात दिलं आणि दुसरं खांद्यावर घेऊन गाईड शोधलं. मिळालं, तेव्हा सरांनी बाळ काखेत धरून ओळ दुरुस्त केली. लोक त्यांना जेवायचा आग्रह करायचे, आणि हे उभ्या उभ्या दोन घास खाऊन पुढच्या गावाला.

स्कूटरनं मान टाकली तेव्हा मी माझी गाडी काढली. खरं सांगायचं तर दयेनं नाही, कुतूहलानं. पहिली फेरी भैंशाची. तिथं त्या वर्गातला गजानन नावाचा मुलगा कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसायचा. सगळीकडं कापूस, हवेत तंतू उडतायत, गाड्यांची रांग लागलेली, आणि सर गोळा काढून उभे.

गजाननानं पाया पडून विचारलं, "सर, इकडं कुठं?"

सरांनी सगळं सांगितलं. गजानन डोकं खाजवायला लागला. "गाईड तं रद्दीत देलं सर. अन् खरं सांगू का, तुमी काय शिकवलं होतं तेच मले आठवत नाई. चुकीचं बी नाई अन् बरोबर बी नाई."

सरांचा चेहरा पडला. मला हसू आवरेना. पण माणूस हटणारा नव्हता. "मंग तुले दोन्ही सांगतो," ते म्हणाले. "आधी चुकीचं सांगतो." आणि त्या ढिगातला कापूस उचलून त्यांनी गजाननाला आधी चुकीचा त्रिकोण नीट शिकवला, तो त्याला पटवूनही दिला, आणि मग मोडून टी करून दाखवला. मागं गाडीवाले ओरडत होते.

"समजलं सर," गजानन शेवटी म्हणाला. "पण मले आता काय करायचं याचं?"

"ते मले मालूम नाई. मी चुकीचं सांगितलं होतं, बरोबर सांगून राह्यलो. पुढं तुझं तू पाय."

परतताना मी बराच वेळ हसत होते. सर खिडकीच्या काचेवर बोटांनी ताल धरून होते, पाय गाडीच्या तळावर आपटत होते, जसं काही त्यांच्या पायानंच गाडी चालली होती. मी कागद बघायला मागितला. पंचवीस नावांपुढं खूण होती. एक राहिलं होतं, यादीत सगळ्यात वरचं: रेणुका आत्राम, नार्नूर.

"हे वरचंच कसं राहिलं?"

"तिकडला रस्ता खराब हाय."

रस्ता काही खराब नव्हता. पुढच्या आठवड्यात त्यांना ताप आला, त्याच्या पुढं पाहुणे आले. तो ताप मी कधी पाहिला नाही. रिटायर व्हायला दहा दिवस राहिले तेव्हा मला त्यांचा रागच आला. मी म्हटलं, "शनिवारी सकाळी सात वाजता गाडी दाराशी आणते. येणार नसाल तर तो कागद मला द्या, मी जाऊन येते." शनिवारी ते गाडीची वाट बघत फाटकाबाहेर फेऱ्या मारत होते.

उटनूरच्या पुढं रस्त्याला सागवान लागलं तेव्हा सर बोलले. खिडकीबाहेर बघत.

"वर्गात सगळ्यात हुशार होती ते. घरी गोंडी बोलणारी, मराठी शाळेत शिकलेली, इथं इंग्रजी. मागच्या बाकावर बसे, पण सवाल असा विचारे का मले रात्रभर पुस्तकं काढा लागे. त्या दिवशी सगळे ओळ कापून राह्यले होते अन् हे उभी राह्यली. पण सर, मनली. मी नवा गोळा केला होता मॅडम, लय खुशीत होतो. मी मनलं, पण-बिण काई नाई, बस खाली. तिनं परत तोंड उघडलं. मी जोरात मनलं, बस. वर्ग हासला."

त्यांनी खिडकीची काच खाली केली, परत वर केली.

"ते बरोबर सांगणार होती. मले आता समजून राह्यलं. पंचवीस जणायले मी चुकीचं सांगितलं. तिले बरोबर असताना खाली बसवलं."

मी गाडी चालवत राहिले.

रेणुका नार्नूरजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. शनिवार, अर्ध्या दिवसाची शाळा. आम्ही पोचलो तेव्हा मुलं घरी निघाली होती. ती सातवीच्या वर्गात होती, तीन-चार मुली फळा पुसायला थांबलेल्या. उंच, सडसडीत, खांद्याला पर्स, हाताला खडू. सरांना पाहून ती दचकली नाही. पाया पडली, मला नमस्कार केला. सरांनी खिशातून गोळा काढला, परत ठेवला, परत काढला.

"रेणुका, मी तुमच्या वर्गाले एक गोष्ट चुकीची..."

"मालूम हाय सर. क्लोरीनवाली."

तिनं कपाट उघडलं आणि तेच गाईड काढलं, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. पान तिला शोधावं लागलं नाही. ओळ कापलेली होती, तिनंही. पण रेघ बारीक, करडी. सरांनी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं.

"पेन्सिल?"

"तुमी मागच्या बाकापर्यंत आले नाई सर त्या दिवशी."

"मंग पुसलं काऊन नाई इतकी वर्सं?"

"तुमी कापाले लावली होती. तुमीच पुसान मनलं."

सरांच्या खिशात चार पेनं होती. खोडरबर कुठून असणार? त्यांनी खिसे चाचपले, तशी फळ्याजवळच्या एका मुलीनं कंपासपेटीतून गुलाबी खोडरबर काढून त्यांच्यापुढं धरलं. पुस्तक खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून सरांनी उभ्यानंच ती ओळ पुसली. हळूहळू, कागद चुरगळू नये म्हणून बोटानं दाबून. फुंकर मारली, परत पुसली. ओळ मोकळी झाली, फक्त एक पुसट वळ राहिला.

"परीक्षेत आलं होतं का?" त्यांनी पाठमोरं राहूनच विचारलं.

"आलं होतं. मी टी लिवला. मार्क भेटले."

सरांनी सोडलेला श्वास मला दारापाशी ऐकू आला. "मंग तुझं काई नुकसान नाई झालं."

रेणुका हातातला खडू बघत होती. "झालं न सर," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुमी बस मनलं. त्याच्यानंतर मी बारावी होईस्तोर कोणत्याच तासाले उभी नाई राह्यली. सगळ्यायले वाटे, हिले समजते मनून विचारत नाई. लय गोष्टी समजल्याच नव्हत्या. त्या तशाच राह्यल्या."

ती दोन वर्षं माझ्याही वर्गात होती. हे मला तिथं उभं राहून आठवलं. चेहरा आठवला नाही, पण तिच्या प्रगतिपत्रकावर मी काय लिहिलं असेल ते आठवलं, कारण अशा सगळ्या मुलींच्या प्रगतिपत्रकावर मी तेच लिहिते: शांत मुलगी. मला लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

सर तिच्याकडं वळले. मग म्हणाले, "काय विचारणार होती त्या दिवशी?"

"आता काय त्याचं सर."

"विचार. पुरं विचार."

तिनं मुलींकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "मंग तुमी बसा सर."

वर्गात खुर्ची नव्हती. सातवीच्या मुलांचे बुटके बाक होते. सर पहिल्या बाकावर बसले. गुडघे छातीपर्यंत आले, पिशवी मांडीवर घ्यावी लागली. रेणुकानं त्यांच्या हातातून गोळा घेतला, दोन बोळे वर-खाली घातले, जसे त्या दिवशी होते तसे, आणि पिशवीतला तिसरा तळहातावर धरला.

"दोन जोड्या वर-खाली बसवल्या, ठीक हाय," ती म्हणाली. "पण झेनॉनचा एक रेणू हाय, त्याच्यात पाच जागा, दोन काड्या अन् तीन जोड्या. वर-खाली तं दोनच जागा. तिसरी जोडी कुठं बसल सर?"

सरांना उत्तर येत होतं. तिन्ही बोळे कमरेला, काड्या वर-खाली, सरळ रेघ, म्हणजे जोड्यांची जागा कमरेलाच. पण ते तिच्या हातातल्या कापसाकडं बघत राहिले. एवढा एकच प्रश्न होता, आणि तो त्या दिवशी पूर्ण ऐकला असता तर त्यांचा त्रिकोण तिथंच, सगळ्या वर्गासमोर पडला असता.

"हे विचारणार होती तू?"

"हो सर."

"ऐकलं असतं तं मी ओळ कापाले लावलीच नसती."

"हो," रेणुका म्हणाली.

फळा पुसणाऱ्या मुली जवळ आल्या होत्या. तिनं त्यांना हाक मारली, "या, तुमी बी पाहा," आणि बोळा त्यांच्यातल्या एकीच्या हातात दिला. मी बाहेर येऊन गाडीत बसले. ऊन चढलं होतं, परतीचा रस्ता लांब होता, आणि माझा एक पाय उगाचच गाडीच्या तळावर आपटत होता. खिडकीतून वर्ग दिसत होता. एक मुलगी उभी राहून काहीतरी विचारत होती, थांबत थांबत, शब्द जुळवत, आणि कोणी तिला घाई करत नव्हतं. हॉर्न वाजवावा असं दोनदा मनात आलं. वाजवला नाही. सर अजून बसलेले होते.